चपलांची दुसरी जोडी

खुनाच्या सिनेमाला काय काय लागतं ते कॅप्टनला विचारावं. सुरा, दोर, लाल रंगाच्या दोन बाटल्या, खेळण्यातलं पिस्तूल आणि एक लांब काळा कोट. कोट कोण घालणार, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. "कोट असला की वजन येतं," एवढंच म्हणाला.

कॅप्टन म्हणजे काही जहाजावरचा नव्हे. शाळेत कुठल्याशा संघाचा कप्तान होता, संघ दर वर्षी आपटायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता सिनेमाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता आणि वीस मिनिटांचा थरारपट काढत होता. त्या सिनेमाची प्रॉपर्टी, म्हणजे पडद्यावर दिसणारी झाडून सगळी चीजवस्तू जमवायचं काम होतं धाकटीकडे. घरी तिला धाकटी म्हणत. एकदा बोलताबोलता ती वर्गात स्वतःलाच धाकटी म्हणून गेली, मग काय, तिथंही तेच.

कॅप्टनची यादी वाचून शिकवणाऱ्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुरा काय, कुणीही ठेवील. हा माणूस गुन्हेगार आहे हे त्याच्या घरातल्या साध्या वस्तूनं सांगितलं पाहिजे. अशी एक वस्तू आणा, मगच कॅमेरा मिळेल."

गोष्ट साधी होती. बायको पळून गेली, असं नवरा पोलिसांना सांगतो. खरं म्हणजे त्यानं तिला वर्षानुवर्षं घरात डांबलेलं असतं आणि शेवटी मारलेलं असतं. इन्स्पेक्टरला संशय येतो. पण कशावरून? इथं सगळ्यांचं घोडं अडलं. कुणी म्हणालं खिडकीला गज, कुणी म्हणालं साखळी. मॅडम मान हलवत राहिल्या.

"दाराशी तिच्या चपला नसतात," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला थांबायचं होतं, पण तोंड थांबेना. "चपलांच्या मांडणीत सगळ्यांचे जोड असतात, तिचा नसतो. तिचा कपाटात. कुलपात. वरचं चामडं जुनं होऊन कडक झालेलं, आणि तळ मात्र कोरा. घासलेलाच नसतो."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. कॅप्टननं आपली यादी चुरगाळली आणि टाळीच वाजवली. "अगं बाई! कुठून सुचलं हे?"

"असंच," धाकटी म्हणाली आणि वहीत उगाच काहीतरी लिहीत बसली.

कसलं असंच! रोज संध्याकाळी सहाच्या आत ती ज्या घरात परतायची, तिथं ते कपाट होतं. खाली बाबांचं चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या, आणि वरून खाली यायला एकच जिना, तो उतरायचा दुकानाच्या काचेच्या दारासमोर. जिन्याच्या तोंडाशी लाकडी मांडणी. तिच्यात बाबांचे काळे बूट, धाकटीचे कापडी बूट, आणि मधला कप्पा रिकामा. तो ताईचा. ताईच्या चपला वर बाबांच्या खोलीतल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली बाबांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात, चष्मे दुरुस्त करायच्या इवल्याशा स्क्रू ड्रायव्हरशेजारी.

ताई दुसऱ्या गावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करत होती. आईच्या शेवटच्या आजारात पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. आई गेली, आणि पंधरा दिवसांची चार वर्षं झाली. बाबांनी कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच नाही. परत जायचं नाव काढलं की ते छातीला हात लावून बसत. मग एक दिवस चपला कपाटात गेल्या. "धूळ बसते गं बाहेर," ते म्हणाले. दवाखान्यात, नाहीतर बँकेत जायचं झालं की ते स्वतः चपला काढून ताईच्या पायांपुढे ठेवत, दोन्हींची तोंडं दाराकडे. बरोबर जात, बरोबर येत. आल्यावर चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ पिवळ्या फडक्यानं त्या पुसत आणि कुलूप लावत. बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही माया! आणि गल्लीला वाटायचंच तसं. अर्ध्या गल्लीच्या नाकावर बाबांनी दिलेले चष्मे होते.

आणि धाकटी? खरं सांगायचं तर धाकटीला हे सोयीचं होतं. ताई आत होती म्हणून ती बाहेर होती. एक घरात असली की बाबांचा जीव शांत असायचा. हे तिनं कधी कुणापाशी कबूल केलं नव्हतं, पण रात्री दिवा मालवल्यावर ज्याचं त्याला कळतंच की.

दोन दिवसांनी कॅप्टननं तिला कॉलेजच्या जिन्यात गाठलं. "तुझ्या चपलांत एक लोचा आहे. ती बाई अनवाणी का नाही गेली पळून? जीव मोठा की चपला? आणि समजा नाही गेली अनवाणी, तर दुसऱ्या चपला का नाही आणल्या कुणाकडून तरी? प्रेक्षक खुळा नसतो बाई. सोमवारपर्यंत उत्तर दे, नाहीतर मी आपला सुऱ्यावर जातो."

उत्तर देणारं माणूस जगात एकच होतं. बाबा खाली दुकानात असताना धाकटीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ताई ओट्याशी चहाची भांडी विसळत होती.

"ताई, रागावू नकोस. सिनेमासाठी विचारतेय. तू अनवाणी का नाही गेलीस कधी?"

ताईनं नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. "गेले होते की. तुला आठवत नाही?"

"कधी?"

"तिसऱ्या महिन्यात. भर दुपारी. घरातल्या कपड्यांवर, पाय उघडे. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोचले. बेकरीवाल्या बाईंनी आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि मग तोंडाकडे. खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि आत जाऊन बाबांना फोन केला. मी कितीही शहाण्यासारखं बोलले तरी अनवाणी बाई शहाणी कशी असेल? त्या दिवसापासून बाबा सगळ्यांना सांगतात, मन ठिकाणावर नाही हो पोरीचं, तशीच बाहेर पडते. आता ही सगळी गल्ली डोळ्यांत तेल घालून माझ्यावर पहारा देते. प्रेमानं देते."

धाकटीला आता आठवायला लागलं होतं.

"आणि मला न्यायला कोण आलं होतं?" ताईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तूच. मनगट धरून आणलंस. केवढी घाबरली होतीस तू. लोक बघतायत ताई, लोक बघतायत, एवढंच म्हणत होतीस."

धाकटी खाली बसली, थेट फरशीवर. तिला रडू आलं आणि तिनं ते दाबलं नाही. ताईनं ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "अगं, सतरा वर्षांची होतीस. जाऊ दे. दुसरा प्रश्न काय होता?"

धाकटीनं बाहीनं नाक पुसलं. "दुसरा म्हणजे, तिनं दुसऱ्या चपला का नाही आणल्या."

नळ वाहत होता. ताई तिच्याकडे बघत राहिली, ती ताईकडे. धाकटीचे बूट ताईला दोन नंबर लहान, हे दोघींना माहीत होतं. पण गावात चपलांची चार दुकानं आहेत हेही माहीत होतं. धाकटी रोज त्यांच्या समोरून जायची. चार वर्षं! कपाटातला तो एकच जोड म्हणजे जगातल्या एकूण चपला, असं तिघांनीही धरून ठेवलेलं. कुलूप बाबांनी कपाटाला लावलं होतं आणि या दोघींनी आपापल्या डोक्याला.

ताईला हसू फुटलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम गप्प झाली. "मी गेले तर तुझं काय?"

"माझं मी बघेन."

"नीट बघ हं," ताई म्हणाली.

आता बोलणं सोपं, करणं अवघड. धाकटी बाहेरून आली की बाबा दुकानाच्या काउंटरवरूनच हात पुढे करत, "बॅग दाखव." चपलांचा जोड काय बॅगेतून सुईसारखा लपवून न्यायचा? पण तिच्या हाताशी सिनेमा होता. तिनं बाबांपुढेच विषय काढला.

"बाबा, सिनेमातल्या एका बाईला ताईसारख्या चपला हव्यात. फोटो काढू?"

"कसली बाई?"

"घरात जपून ठेवलेलं असतं तिला."

बाबांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी कपाट उघडलं, खिडकीशी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर चपला ठेवल्या. तपकिरी, मधोमध पितळी कडी. "उजेडात काढ. डाव्या पट्ट्याला चीर आहे बघ, ती घे. आणि बाई साधी दाखवा, भडक नको." दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणारा माणूस, पण स्वतःला ओळखायचं काही त्याच्या नशिबात नव्हतं. धाकटीनं अकरा फोटो काढले. बाबांनी फडक्यानं चपला पुसल्या आणि किल्ली खिशात टाकली.

प्रॉपर्टीच्या कामात एक नियम असतो, आणि मॅडमनी तो पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता. कॅमेऱ्यासमोर जाणारी वस्तू दोन आणायच्या. एक हरवली, मोडली, तर दुसरी तयार हवी, नाहीतर सगळं काम खोळंबतं. त्यामुळे धाकटीनं चपलांचे दोन जोड घेतले, ताईच्या मापाचे, आणि कुणी भुवई उंचावली नाही. कॉलेजच्या गच्चीवर तीन दिवस तिनं ते उन्हात टाकले, ओल्या फडक्यानं पुसले, पुन्हा वाळवले, पट्टे बोटांनी दुमडून चिरा पाडल्या. पितळेच्या कडीला चहाचं पाणी लावून चमक घालवली. पहिल्या जोडाच्या तळाला मात्र हात लावला नाही.

कॅप्टन गच्चीवर आला तेव्हा ती दुसऱ्या जोडाचा तळ वाळूच्या कागदानं घासत होती.

"अगं, हा कशाला घासतेस? तळ कोरा हवा ना?"

"हा जोड चालणाऱ्या बाईचा आहे," ती म्हणाली, आणि मग तिनं त्याला सगळं सांगितलं. कॅप्टन ऐकताना एकदाही मध्ये बोलला नाही, आणि कॅप्टनला ओळखणाऱ्याला कळेल ही केवढी मोठी गोष्ट. शेवटी म्हणाला, "आणि मी तुला म्हटलं, प्रेक्षक खुळा नसतो. खुळा मीच." थोड्या वेळानं म्हणाला, "माझे डोळे तपासून बरेच दिवस झाले."

गुरुवारी दुपारी साडेतीनला कॅप्टन दुकानात आला. डोळे बारीक करून, दाराला धडकून. ही धडक ठरलेली नव्हती, ती त्याची स्वतःची कलाकुसर. कापडी पिशवी त्यानं काउंटरवर धाकटीपुढे ठेवली. "ही जरा धर गं, प्रॉपर्टी आहे."

बाबांनी त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. दार बंद झालं. आतून आवाज आला, "हं, वाचा वरून."

धाकटी पिशवी घेऊन जिना चढली. ताई तयार होती. केस बांधलेले, इस्त्रीचे कपडे, खांद्याला जुनी ऑफिसची पर्स. फक्त पाय उघडे. धाकटीनं चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि ठेवता ठेवता तिच्या लक्षात आलं की आपणही त्यांची तोंडं दाराकडे केली आहेत. ताईनं पाय घातले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि भिंतीला हात टेकला.

"बोचतायत?"

"नाही. सवय नाही राहिली."

जिना लाकडी, आणि बाबा पावलांवरून माणूस ओळखत. म्हणून धाकटी पुढे, आपल्या कापडी बुटांत, पायरीपायरीला जरा जोरात. ताई मागे, अगदी तिच्याच पावलाबरोबर पाऊल टाकत. दोघींचं मिळून एक माणूस उतरत होतं. आतून कॅप्टनचा आवाज येत होता. पहिली ओळ त्यानं बरोबर वाचली, दुसरी चुकवली, तिसरीला म्हणाला, "काका, ही अक्षरं हलतायत का हो?" बाबा शांतपणे म्हणाले, "नाही, तुम्ही हलताय." मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. दोघी आपापल्या पायरीवर थांबल्या. मग काच बदलल्याचा बारीक आवाज झाला. "आता?"

दाराशी ताईनं तिचा हात घट्ट दाबला. बोलायला वेळ नव्हता. ती रस्त्यावर उतरली आणि चालू लागली. धाकटी काउंटरमागे येऊन काचेतून बघत राहिली. पहिलं दुकान गेलं, दुसरं गेलं. बेकरीवाल्या बाई ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. त्यांची नजर आधी ताईच्या पायांकडे गेली. मग पर्सकडे, मग तोंडाकडे. बाईंनी काहीतरी विचारलं. ताईनं काहीतरी सांगितलं, वर हसली. बाईंनी मान डोलावली, ट्रे कडेवर घेतल्यासारखा धरला आणि तिला जायला वाट दिली.

तेवढंच. बस स्टँडवर, धाकटीच्या फोनवरून आधीच ठरल्याप्रमाणे, ताईची लॅबमधली मैत्रीण साडेचारच्या गाडीची तिकिटं घेऊन उभी होती. गाडी सुटल्याचा निरोप पावणेपाचला धाकटीच्या फोनवर आला आणि तिनं तो लगेच पुसून टाकला. कॅप्टन तेव्हा कधीच गेला होता. डोळे ठणठणीत आहेत असं सर्टिफिकेट घेऊन.

साडेसहाला बाबा दुकान बंद करून वर आले. दोन्ही खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं. हाक मारली, तीही हळूच. मग ते आपल्या खोलीत गेले आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी निम्मी उतरली होती.

"चपला आहेत," ते म्हणाले. "अनवाणीच गेली आहे. मागच्यासारखी. फार लांब नाही जाणार. आणून सोडेल कुणीतरी." त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली आणि हात मांडीवर ठेवून बसले. ना फोन, ना धावपळ. त्यांचा गल्लीवर विश्वास होता.

धाकटीनं चहा ठेवला. मनातून तिला नाचावंसं वाटत होतं. साडेसात वाजले, आठ वाजले. आठला बेल वाजली. बाबा उठले. "आलं बघ कुणीतरी घेऊन." दारात एक म्हातारे गृहस्थ होते, दुकान बंद दिसलं म्हणून वर आलेले, चष्म्याची दांडी हातात. उद्या या, म्हणून बाबांनी दार लावलं आणि तसेच क्षणभर उभे राहिले. त्यांची पाठ तिला पहिल्यांदाच म्हातारी दिसली. तिला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

मग बाबा जिना उतरून खाली गेले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात तिचे कापडी बूट होते.

"धूळ बसते गं बाहेर," ते म्हणाले. "आणि फोनही दे. काही दिवस घरीच राहा. मला एकट्याला नाही सोसायचं आता."

तिनं फोन दिला. का दिला, हे कॅप्टननं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बाबांनी पिवळ्या फडक्यानं बूट पुसले, टाचेपासून टोकापर्यंत, सावकाश. कपाटात ताईच्या चपलांशेजारी ठेवले. किल्ली फिरली.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. सुऱ्याचा जोड होता, दोराचा होता, त्या नको असलेल्या काळ्या कोटाचासुद्धा दुसरा कोट कॉलेजच्या खोलीत टांगलेला होता. चपलांचा तर होताच. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या पोरीनं सगळ्या वस्तूंची दुसरी जोडी ठेवली होती, आणि स्वतःच्या बुटांची ठेवायची राहून गेली. "नीट बघ हं," असं ताई म्हणालीही होती.

उद्या सकाळी नऊला शेवटचं दृश्य होतं. इन्स्पेक्टर कपाट उघडतो ते. कपाटात काय कुठे ठेवायचं याचा कागद तिच्या बॅगेत होता, ती आल्याशिवाय कॅमेरा सुरू होणार नव्हता. कॅप्टनला बसून वाट बघता येत नाही, आणि आता त्याला या घराचा जिना माहीत होता. तिच्या पायाचा नंबर मात्र तिनं त्याला कधी सांगितला नव्हता.

बाबा पुन्हा दाराकडे तोंड करून बसले. धाकटी त्यांच्या मागे फरशीवर बसली, उघडे पाय जवळ ओढून. दोघंही बेलची वाट बघत होती. बाबांना ती आत्ता वाजायला हवी होती. धाकटी मनातल्या मनात म्हणत होती, आज नको, उद्या वाजू दे.